कवकनाशकाचा खर्च आणि धान्याचे रक्षण

पिकावरील रोगास औषध आहे, एवढ्यावरून ते प्रत्येक शेतात वापरणे हिताचे ठरत नाही. औषधामुळे वाचणाऱ्या धान्याची किंमत औषध व मजुरी यांच्या खर्चाहून अधिक असेल, तरच तो खर्च सार्थ होय.

प्रथम पंजाबातील बागायती गहू घेऊ. पिवळ्या तांबेऱ्याचे कवक मैदानातील उन्हाळ्यात तग धरीत नाही. ते थंड डोंगराळ भागात टिकून राहते आणि त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर खाली येतात. आग्र्याचे शास्त्रज्ञ करमचंद मेहता यांच्या संशोधनाने भारतातील तांबेऱ्याच्या या प्रवासावर प्रकाश पडला. अशा वायुवाहित रोगावर पानांवरील फवारणी उपयोगी पडते. शेतात रोगाचे पहिले पट्टे दिसताच एकरी 200 लिटर पाण्यात 25 टक्के प्रोपिकोनॅझोल 200 मिलिलिटर मिसळून फवारतात. दाणा भरण्यास लागणारे अन्न बहुतांशी वरची पाने पुरवितात. ती करपल्यानंतर केलेली फवारणी व्यर्थ जाते.

आता हिशेब पाहू. समजा, बागायती पीक एकरी 20 क्विंटल व कोरडवाहू पीक 4 क्विंटल येते. रोगाने दहावा हिस्सा नेला, तर पहिल्या शेतात 2 क्विंटल, दुसऱ्यात केवळ 40 किलो धान्य बुडते. फवारणीचा खर्च मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच.

मग कोरडवाहू शेतकऱ्याने काय करावे? दख्खनच्या ज्वारीवरील दाणेकाणीचे उदाहरण उद्बोधक आहे. या रोगात दाण्याच्या जागी काळ्या भुकटीची पिशवी तयार होते. मळणीत ती फुटून भुकटी निरोगी बियाण्यास चिकटते, आणि पेरणीनंतर कवक कोवळ्या अंकुरात शिरते. शत्रू बियाण्याच्या पृष्ठभागावरच असल्यामुळे एक किलो बियाण्यास 4 ग्रॅम बारीक गंधक चोळणे पुरेसे होते. एकरी 4 किलो बियाणे धरल्यास अवघे 16 ग्रॅम गंधक लागते! गव्हाच्या काजळीचे कवक मात्र दाण्याच्या आत दडलेले असते; तेथे गंधक पोहोचत नाही, आंतरप्रवाही औषधच हवे.

औषध चोळलेले बियाणे उरले, तरी ते माणसांनी वा जनावरांनी खाऊ नये. रोगप्रतिकारक वाण मिळत असल्यास प्रथम तोच पेरावा. रोग कोठून येतो हे ओळखून औषध योजिले, तर थोडक्या पैशांत घरचे धान्य राखता येते.