मिठाच्या चिमटीतला हिशेब

मुलं शाळेत अणू इंग्रजीतून शिकतात आणि घरी शंका विचारली की आपण मराठीत अडखळतो. म्हणून हा सोपा हिशेब.

सोडियमच्या अणुकेंद्रात ११ प्रोटॉन असतात आणि भोवती ११ इलेक्ट्रॉन. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड! मग तोल कसा साधतो? कारण इथे वजन नाही, विद्युतप्रभार मोजायचा. तो दोघांचा सारखाच, एकाचा धन, दुसऱ्याचा ऋण. बेरीज शून्य, म्हणून अणू उदासीन.

सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला की उरतात १०. तो धन आयन होतो. १७ प्रोटॉनांचा क्लोरीन इलेक्ट्रॉन घेतो, त्याचे होतात १८. तो ऋण आयन. दोघं मिळून आपलं मीठ, हिशेब पुन्हा शून्य!

आज पानात मीठ वाढताना मुलांना हे नक्की सांगू या, मराठीतूनच.