शिवणयंत्र निवडताना

घरचे कपडे घरीच शिवले, तर शिलाईचे पैसे वाचतात. पण त्यासाठी मशीन चांगली हवी. गाठीचा पैसा एकदाच खर्चायचा असतो. म्हणून ती कशी पारखावी, हे आम्ही सांगतो.

मशीनचा रंग पाहून भुलू नका. टीप पाहा. टीप दोन दोऱ्यांची असते. एक दोरा रिळावरून सुईत येतो, दुसरा खाली बॉबिनवर असतो. सुई वर येऊ लागली की तिच्या दोऱ्याचा फास होतो. शटलचे टोक तो फास पकडते आणि दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. ते कापडाच्या मधोमध अडकले, तर टीप दोन्ही अंगांनी सारखी दिसते.

दुकानात जाताना घरचे कापड न्या. मलमलीला ११ नंबरची सुई लावा, साध्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६. खालून दोऱ्याचे गुंते दिसले, तर बहुधा वरच्या दोऱ्याचा ताण सैल असतो. ताण घट्ट करून, दोरा नीट ओवूनही गुंते राहिले, तर ती मशीन नको.

हातमशीनला एक हात चाकावर अडकतो. पायमशीनला दोन्ही हात कापडाला मिळतात. विजेची मशीन भराभर चालते. पण वीज वरचेवर जात असेल, तर पायमशीनच बरी.

हप्त्याने घेणार असाल, तर सगळ्या हप्त्यांची बेरीज आधी मांडा. सुया, पट्टा जवळच्या बाजारात मिळतात का, तेही विचारा.

शेवटी दोरा स्वतः ओवा, टीप स्वतः घाला. दुकानदाराच्या हाताखाली सगळ्याच मशिनी छान चालतात!