फुकट ते पौष्टिक?



या वर्षीच्या निधीतून गावाकडच्या शाळांना संगणक द्यायचे ठरले, तेव्हा बैठकीत एका देणगीदार काकांनी सरळच विचारले, "त्यावर एक्सेल नाही, ते फुकटातले कॅल्क घालणार म्हणे? पैसे आम्ही द्यायचे आणि मुलांना फुकटचा माल?" प्रश्न रास्त होता. मंडळाचे संगणकाचे काम आम्ही तिघेजण पाहतो, त्यामुळे उत्तर आमच्याच गळ्यात पडले.

कॅल्क म्हणजे लिबरऑफिसमधला स्प्रेडशीट प्रोग्राम. याचे मूळ घराणे जर्मन, नाव स्टारऑफिस. ती कंपनी १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली आणि २००० मध्ये त्याचा सोर्स कोड ओपनऑफिस या नावाने सर्वांना खुला केला. २०१० मध्ये सन स्वतःच ओरॅकलकडे गेली. त्याच वर्षी बऱ्याच प्रोग्रामर मंडळींनी वेगळी चूल मांडली, ती लिबरऑफिस. तिच्यामागे द डॉक्युमेंट फाउंडेशन ही जर्मनीतली संस्था आहे. आपल्या मंडळासारखीच तीही देणग्यांवर चालते! मात्र काम करणारे सगळेच हौशी नाहीत. कोलाबोरासारख्या कंपन्या त्यासाठी पगारी इंजिनिअर ठेवतात.

आता सुधारणा होते कशी? पूर्वी कॅल्कमध्ये प्रत्येक सेल मेमरीत सुटी ठेवलेली असायची. लाख आकडे म्हणजे लाख वेगवेगळ्या डब्या, आणि बेरीज करायची तर प्रत्येक डबी उघडायची. जानेवारी २०१४ च्या ४.२ आवृत्तीत हा पायाच उकरून नवा घातला. आता एका स्तंभातले लागोपाठचे आकडे एकाच मोठ्या डब्यात सलग बसतात. बाहेरून मेनू तसेच राहिले, पण मोठ्या फाइलींचे काम हलके झाले. असले काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण आमच्या मते खरी इंजिनिअरिंग हीच. काही गोष्टींत कॅल्क मागेही असते, हे कबूल. १०२४ स्तंभांची मर्यादा १६,३८४ वर जायला २०२२ साल उजाडले, आणि एक्सेलमधले एक्सलुकअप इथे २०२४ मध्ये आले.

चुकांचे म्हणाल तर आमचीच फजिती सांगतो. देणगीदारांची यादी कॅल्कमध्ये उघडली आणि पत्त्याची लेबले छापली. आपल्या न्यू जर्सीचे झिप कोड शून्याने सुरू होतात. एडिसनच्या ०८८१७ चा झाला ८८१७! काही पाकिटे परत आली. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणगीची करसवलत घ्यायची तर लेखी पोच लागते, तेव्हा ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. आम्ही तावातावाने तक्रार नोंदवायला बसलो आणि लक्षात आले की, फाइल उघडताना जी खिडकी येते, तिथे त्या स्तंभाचा प्रकार 'मजकूर' असा निवडायचा असतो. चूक आमचीच. पाकिटे पुन्हा भरली.

खरी चूक असली तर ती कोणीही कळवू शकतो, अगदी शाळेतले गुरुजीसुद्धा. सोबत चूक दाखवणारी छोटी फाइल जोडायची (नावे, पत्ते काढून, ती सगळ्यांना दिसते). आधी चालत होते आणि आता बिघडले, असे असेल तर गंमत बघा. जुन्या आवृत्त्या तयार ठेवलेल्या असतात. मधली उघडायची. तिथे चूक दिसली तर अलीकडच्या सोडून द्यायच्या, नाही दिसली तर जुन्या सोडायच्या. असे करत हजार आवृत्त्यांमधून दहा टप्प्यांत नेमका बदल हाती लागतो. दुरुस्ती दुसरा प्रोग्रामर तपासतो आणि बरेचदा त्या चुकीसाठी एक चाचणी कायमची जोडली जाते, म्हणजे तीच चूक पुन्हा शिरली तर लगेच पकडता येते.

काकांना एवढे सांगितले. प्रोग्रामच्या लायसन्सला एक डॉलरही लागणार नाही, आपली देणगी पूर्ण यंत्रांवर जाईल, हे ऐकून त्यांनी चेकवरचा आकडा वाढवला. आता एकच काम बाकी आहे. कॅल्कचे मेनू मराठीत मिळतात, पण भाषांतर काही ठिकाणी अपुरे आहे आणि काही ठिकाणी फारच सरकारी. मंडळातल्या दोघी ताई ते सुधारायला तयार झाल्या आहेत. आणखी कोणाला मराठी टाइप करता येत असेल, तर मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी आम्हाला जरूर भेटा.