नोकरीचा करार आणि इलेक्ट्रॉनिक सही

गावात आलेला सरकारी वा खाजगी कागद आजही पुष्कळदा गुरुजींकडेच वाचावयास येतो. अलीकडे कागदाऐवजी भ्रमणध्वनीवरील संदेश पुढे केला जातो आणि प्रश्न विचारला जातो, "गुरुजी, सही-शिक्का नसलेल्या ह्या लिखाणाला काही किंमत आहे काय?" ह्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

समजा, एका पदवीधर मुलीस शहरातील कारखान्याकडून ई-मेल आले: अमुक काम, अमुक वेतन, पहिल्या तारखेस हजर व्हावे. तिने "मान्य आहे" असे उत्तर धाडले आणि हातची नोकरी सोडली. पुढे कारखाना म्हणू लागला, "कागदावर सही झालीच नव्हती; करार कसला?"

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या दृष्टीने प्रस्ताव, त्याची निखळ स्वीकृती, मोबदला आणि पक्षकारांची मोकळी संमती ही कराराची मुख्य अंगे होत. कागद हे त्यांतील अंग नव्हे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्यात पुढे कलम १०-अ घालण्यात आले. केवळ इलेक्ट्रॉनिक साधन वापरले एवढ्याच कारणाने करार निरर्थक ठरत नाही, असे ते सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ह्या व्यापारी खटल्यात ई-मेलच्या देवघेवीतून करार पुरा झाल्याचे मानले. म्हणून त्या मुलीची बाजू पोकळ नाही. मात्र तिने "विचार करून कळविते" असे लिहिले असते, तर ती स्वीकृती ठरली नसती.

सहीची गोष्ट थोडी निराळी आहे. कागदावरील सहीचे छायाचित्र म्हणजे कायद्यातील इलेक्ट्रॉनिक सही नव्हे. जेथे कायदा सही मागतो, तेथे कलम ५ प्रमाणे विहित पद्धतीचीच इलेक्ट्रॉनिक सही चालते. परवानाप्राप्त संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्रावर आधारलेली डिजिटल सही आणि आधारच्या साहाय्याने होणारी ई-सही ह्या तशा पद्धती होत. अशा सहीनंतर मजकुरात एक अक्षर जरी बदलले तरी तपासणीत ते उघडकीस येते.

काही ठिकाणी विशेष कायदा स्वतःचीच रीत घालून देतो. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या १९७७ च्या महाराष्ट्र अधिनियमात, कलम ७ अन्वये, राजीनाम्याच्या दोन प्रती करून दोहोंवर सही व तारीख घालावी आणि एक प्रत नोंदणी टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी, असे म्हटले आहे. तेव्हा रागाच्या भरात भ्रमणध्वनीवर लिहिलेली "मी नोकरी सोडली" ही ओळ तेथे विधिवत् राजीनामा समजणे धोक्याचे होय.

करार वैध असणे वेगळे आणि तो न्यायालयात सिद्ध करणे वेगळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे, संदेशाची छापील प्रत पुरावा म्हणून दाखल करताना सोबत प्रमाणपत्र लागते. त्यावर उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही असते. जुन्या पुरावा कायद्याखाली, जालना येथील निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या खटल्यात, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने असे प्रमाणपत्र आवश्यक मानले. मात्र मालकाने मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून ते आपले असल्याचे शाबीत केल्यास त्याची गरज नाही, असेही सांगितले.

ह्यावरून विचारणाऱ्यास पुढील सल्ला देणे हिताचे ठरेल. मूळ संदेश पुसू नये. संदेश कोणी, कोणत्या पत्त्यावरून, केव्हा पाठविला हे दिसेल अशा रीतीने तो जपावा. काम, वेतन व रुजू होण्याची तारीख स्पष्ट लिहून मागावी. आणि नियुक्तीपत्र हाती पडेपर्यंत शक्यतो जुनी नोकरी सोडू नये. कायदा लेखी शब्दाच्या पाठीशी उभा राहतो, मग तो कागदावर असो वा पडद्यावर. पण तो शब्द जपून ठेवण्याची जबाबदारी ज्याची त्यानेच उचलावयाची असते.