क्युबाच्या चुलीवरचा शिधा
क्युबातल्या घरी स्वयंपाकाची सुरुवात निवडण्याने होते. रेशनचा तांदूळ टेबलावर पसरायचा, खडे आणि साळी बाजूला काढायच्या. काळ्या घेवड्याचे दाणे निवडून रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी त्याच पाण्यात तमालपत्र आणि ढबू मिरचीचा तुकडा टाकून अगदी मऊ शिजवायचे. दुसरीकडे तेलात कांदा, लसूण आणि ‘आही काचूचा’ नावाची बुटकी, वासाची पण न झोंबणारी मिरची परतायची आणि वर जिरं, ओरेगानो टाकायचं. हा झाला सोफ्रितो. तो घेवड्यात ओतायचा, थोडे दाणे डावेने ठेचून रस्सा दाट करायचा आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर, चिमूटभर साखर. तिखटाचं नावही नाही. हाच घेवडा आणि तांदूळ एकत्र शिजवला की त्याला ‘मूर आणि ख्रिस्ती’ म्हणतात. पूर्वेकडे, सांतियागोच्या बाजूला, तांबडा घेवडा घालून काँग्री करतात. पातेल्याच्या तळाशी धरलेल्या खरवडीसाठी घरातली मुलं भांडतात.

पर्यटकांना दिसतो तो मोहितो आणि मोठाले खेकडे. मला मात्र या देशाची खरी ओळख या निवडण्यात आणि ठेचण्यात दिसते. कारण पातेल्यात काय पडणार, हे ठरवण्याची मोकळीक क्युबातल्या स्वयंपाकघराला गेल्या दोन शतकांत फार क्वचित मिळाली.

1791मध्ये शेजारच्या हैतीत गुलामांचा उठाव झाला, तिथला साखरधंदा कोसळला आणि क्युबाचे मळेवाले पुढे सरसावले. चांगली जमीन उसाखाली गेली आणि आफ्रिकेतून माणसं धरून आणली गेली. त्यांच्या पोटासाठी बाहेरून शिधा यायचा: रिओ दे ला प्लाताच्या किनाऱ्यावरून खारवून वाळवलेलं गोमांस, म्हणजे तासाहो, आणि उत्तरेकडून खारवलेला कॉड मासा. जिथे मळ्याच्या कडेला वाफाभर जमीन मिळे, तिथे ही माणसं रताळी, केळी, मलांगा आणि भेंडी लावत. मलांगा हा आपल्या अळकुडीचाच भाऊबंद. क्युबात आजही बाळाच्या तोंडी पहिला घास बहुधा त्याचाच जातो. भेंडीची भाजी तर चांगो या दैवताच्या नैवेद्यात आहे. 1847पासून करारावर चिनी मजूर येऊ लागले, एक लाखाहून अधिक. गुलामगिरी कायद्याने संपली ती 1886मध्ये. लाचारीचा शिधा असलेला तासाहो पुढे आवडीचं पक्वान्न झाला, हे मला या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वळण वाटतं.

मानववंशशास्त्रज्ञ फेर्नांदो ओर्तिस यांनी 1939मध्ये हवाना विद्यापीठातल्या व्याख्यानात क्युबाला ‘आहियाको’ म्हटलं. आहियाको म्हणजे कंद, मका, केळी आणि नाना तऱ्हेचं मांस घालून शिजवलेला दाट रस्सा. ओर्तिस यांचा भर होता तो शिजत राहण्यावर: या पातेल्यात सतत नवं काही पडतं आणि ते चुलीवरून उतरतच नाही. याच कुळातली काल्दोसा 27 सप्टेंबरच्या रात्री भर रस्त्यात रटरटते. मोहल्ला समित्यांच्या स्थापनादिनाची ती पूर्वसंध्या. कुणी मक्याची कणसं आणतं, कुणी डुकराचं डोकं.

क्रांतीनंतर शिधा वाटणारे हात बदलले. 1962मध्ये अमेरिकेचे व्यापारनिर्बंध आले, त्याच वर्षी रेशनिंगही, आणि 1963मध्ये घरोघरी ‘लिब्रेता’ हे शिधापुस्तक पोचलं. तांदूळ, घेवडा, तेल, साखर, भाजलेले वाटाणे मिसळलेली कॉफी, सात वर्षांपर्यंतच्या मुलांना दूध. कुणी उपाशी राहू नये हा हेतू खरा होता आणि बराच काळ तो साधलाही.

या काळाची साक्षीदार म्हणजे नित्सा विलापोल. 1950च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढे चार दशकं तिने दूरचित्रवाणीवर ‘कोसिना अल मिनुतो’ चालवला. आधी पाककृती ठरवून साहित्य शोधायचं, हा क्रम तिने उलटा केला: हाताशी काय आहे ते पाहायचं, मग त्याचं काय होईल ते ठरवायचं. पडद्यावर तिच्या शेजारी वर्षानुवर्षं मार्गो बाकायाओ ही कृष्णवर्णीय सहकारी असे. तिच्याविषयी फार थोडं लिहिलं गेलं, आणि हा अन्याय आहे.

क्युबाचा आधार असलेला सोव्हिएत संघ कोसळल्यावर आलेल्या ‘विशेष काळा’त हे शहाणपणही अपुरं पडलं. पपनसासारख्या ग्रेपफ्रूटची जाड साल मसाल्यात मुरवून, तळून मांसाच्या जागी वाढली गेली. 1991 ते 1993मध्ये पन्नास हजारांहून अधिक लोकांना दृष्टीचा आणि नसांचा विकार झाला. कुपोषण आणि ब जीवनसत्त्वांची कमतरता हे त्याचं मोठं कारण होतं. लोकांच्या कल्पकतेचं कौतुक करताना हा आकडा विसरता कामा नये.

2005मध्ये सरकारने घरोघरी विजेवरचे भाताचे कुकर आणि प्रेशर कुकर वाटले. ऑक्टोबर 2024मध्ये देशभराची वीज गेली, तेव्हा त्याच घरांतल्या बायांनी अंगणात लाकूड-कोळसा पेटवला.

या सगळ्याच्या आधीपासून टिकून आहे ती कासाबे. ताइनो आदिवासी कडू कसावा किसायचे, विणलेल्या लांब नळीत भरून ताण देत त्यातलं विषारी पाणी पिळून काढायचे आणि कीस मातीच्या तव्यावर पातळ पसरून भाजायचे. ही भाकरी महिनोन्‌महिने टिकते. उपासाचा साबुदाणा ज्या कंदाच्या सत्त्वाचा असतो, तोच हा कंद. क्युबाच्या पूर्व भागात कासाबे अजूनही होते. 24 डिसेंबरच्या रात्री भाजलेल्या डुकराशेजारी उकडलेला कसावा असतोच, वर लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसाची गरम मोहो ओतलेली.

सप्टेंबर 2024मध्ये पीठ नाही म्हणून रेशनचा रोजचा पाव 80 ग्रॅमवरून 60 ग्रॅमवर आला. त्याच वर्षी डिसेंबरात युनेस्कोने कासाबेची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. क्युबासह पाच देशांचा तो सामाईक वारसा. गहू बोटीतून येतो, कसावा दारामागे उगवतो. या कंदाला वारशाच्या मानाइतकीच शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या रास्त भावाची आणि डिझेलची गरज आहे.