कॉलेजचं नेट एका केबलवर का अवलंबून नसावं?

ऑनलाइन परीक्षा सुरू असताना नेट गेलं की मुलांचा आणि घरच्यांचाही जीव टांगणीला लागतो. चौकशी केली तर कळतं, रस्ता खोदताना केबल तुटली. पण एका केबलमुळे अख्खी इमारत बंद पडत असेल, तर मूळ चूक आखणीतच आहे.

विद्यापीठात प्रत्येक विभागाचं, वसतिगृहाचं, ग्रंथालयाचं आपापलं नेटवर्क असतं. ती जोडणारं यंत्र म्हणजे राउटर. माहिती कोणत्या वाटेने पाठवायची हे ठरवणं म्हणजे राउटिंग. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८०च्या सुमारास हीच अडचण होती. तिथले बिल यीगर यांनी विभागांची नेटवर्कं जोडणारं राउटरचं सॉफ्टवेअर लिहिलं. १९८४ मध्ये सुरू झालेल्या सिस्को कंपनीचे पहिले राउटर त्यावरच उभे राहिले.

चांगली आखणी कशी असते?

पहिली गोष्ट, मध्यभागी एक नव्हे, दोन मुख्य राउटर हवेत. प्रत्येक इमारतीतून दोघांकडे वेगवेगळी फायबर केबल जावी, तीही वेगळ्या बाजूने. दोन्ही एकाच चरातून नेल्या, तर जेसीबीच्या एकाच फटक्यात दोन्ही जातात.

दुसरी, पत्ते शिस्तीत वाटावेत. समजा, १०.५ ने सुरू होणारे सगळे पत्ते ग्रंथालयाचे. मग पिनकोडसारखं काम होतं. मुख्य राउटरला प्रत्येक कॉम्प्युटर नव्हे, फक्त इमारत लक्षात ठेवावी लागते.

तिसरी, वाटा हाताने लिहून ठेवू नयेत. केबल तुटल्यावर त्या बदलायला माणूस येईपर्यंत परीक्षा संपलेली असते. त्यासाठी ओएसपीएफ ही पद्धत वापरतात. यात राउटर आपापल्या जोडण्या एकमेकांना कळवतात, त्यामुळे सगळ्यांकडे एकच नकाशा तयार होतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये शेजारी राउटर दर १० सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप देतो. ४० सेकंद निरोप आला नाही, की तो गेला असं धरून राउटर दुसरी वाट शोधतात. केबलच तुटली तर बहुधा त्याहून लवकर कळतं.

हे सगळं कागदावर असून भागत नाही. सुट्टीच्या दिवशी एक केबल मुद्दाम काढून बघावी. नेट चालू राहिलं, तरच दुसरी वाट खरी. नाहीतर ती तपासणी परीक्षेच्या दिवशी होते, आणि तिची किंमत मुलं मोजतात.