मुंबईचा रस्ता मोकळा कसा होईल?

आज आपण एक साधाच प्रश्न घेऊ. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल झाले, तरी संध्याकाळी गाड्या पुन्हा तुंबतात. असं का होतं?

पूर्व मुक्त मार्ग, म्हणजे आपला ईस्टर्न फ्रीवे, २०१३ मध्ये खुला झाला. चेंबूरहून दक्षिण मुंबईपर्यंत मध्ये सिग्नल नाही. वेळ वाचला, हे मान्यच करायला हवं. पण उतरायचं कुठे? पी. डिमेलो रस्त्यावर, जिथे आधीच बंदराच्या ट्रकांची वर्दळ. म्हणजे नरसाळ्याचं वरचं तोंड मोठं केलं, खालची नळी तेवढीच राहिली. आता ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह भुयारी मार्गाचं काम हाती घेतलं आहे. तो झाला की हाच प्रश्न आपण मरीन ड्राइव्हवर विचारणार!

दुसरी गोष्ट. रस्ता मोकळा दिसला की काल लोकलने जाणारा माणूस आज गाडी काढतो. त्यामुळे वाचलेली जागा काही वर्षांत भरून जाते.

आता थोडा हिशेब करू. फ्रीवेच्या एका मार्गिकेवरून तासाला फार तर २,००० गाड्या जातात. गाडीमागे सरासरी दीड माणूस धरला, तर ३,००० माणसं झाली. गर्दीच्या वेळी १२ डब्यांची एकच लोकल ४,००० हून जास्त माणसं नेते. एका मार्गिकेचं तासाभराचं काम एक लोकल एका फेरीत करते.

पण या हिशेबाची किंमत कोण मोजतं, तेही पाहायला हवं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. रेल्वेवरचा भार वाटून घेणारं दुसरं साधन हवं, ते यासाठी.

मेट्रोने ते काही प्रमाणात केलं आहे. आपल्या लोकल मुख्यतः उत्तर-दक्षिण धावतात. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली आणि पूर्व-पश्चिम जाण्याची मोठी सोय झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली.

तरीही घर ते स्थानक हा तुकडा उरतोच. तिथे रिक्षाची रांग, मोडका फुटपाथ आणि न येणारी बस असेल, तर माणूस पुन्हा स्कूटरला किक मारतो. या तुकड्यासाठी बेस्ट हवी. पण तिच्या ताफ्यातल्या बस गेल्या काही वर्षांत कमी झाल्या, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं.

म्हणून नव्या पुलाचं भूमिपूजन झालं की आपण तीन गोष्टी विचारायच्या. पूल उतरतो तिथे काय होणार? त्यावरून बस जाणार का? आणि जवळच्या स्थानकापर्यंत म्हाताऱ्या माणसाला सुखाने चालत जाता येईल का? किती गाड्या गेल्या, ही मोजणी पुरे झाली. माणसं किती पोहोचली, ते मोजू या.